स्टिरिओचा दोष पेटीत की खोलीत?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरात, तसेच संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव या बाजूला आपले अनेक बंधू रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, स्पीकरची विक्री, लाकडी पेट्या बनविणे, गादीकाम आणि मंडप-साऊंडच्या धंद्यात आहेत. या सर्वांच्या कानावर एक तक्रार वारंवार येते. गिऱ्हाईक दुकानात माल ऐकतो, खूष होऊन घरी नेतो आणि चार दिवसांनी परत येतो. "दुकानात चांगला वाजत होता, घरी आवाज घुमतो. तुम्ही माल बदलला." दुकानदार शपथा घेतो, गिऱ्हाईक ऐकत नाही. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. माल तोच असतो, खोली मात्र बदललेली असते.

मुकुंदनगर भागातील एका कारागीर बंधूची हकीकत आम्हांला जवळून माहीत आहे. त्यांनी एका हाजीसाहेबांच्या नव्या घरासाठी सागवानी पट्टी लावलेल्या दोन स्पीकर पेट्या बनविल्या. निम्मी रक्कम आगाऊ मिळाली होती, निम्मी यायची होती. पेट्या बसविल्या आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला की तिलावत लावली तर कारी साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मिस्त्रींनी पेट्या परत आणल्या, आत जास्त कापूस भरला, मागची फळी जाड केली आणि पुन्हा नेऊन दिल्या. फरक शून्य. दुसऱ्यांदा वूफर बदलला, तोही स्वतःच्या खिशातून. तरी तेच. तोवर बाजारात बोलणे सुरू झाले होते की यांच्या पेटीत दम नाही. हातावर पोट असणाऱ्या माणसाला उधारीपेक्षा असे बोलणे जास्त जड जाते. तिसऱ्या खेपेला ते रंधा घेऊन निघाले तेव्हा आम्ही त्यांना थांबविले आणि त्यांच्याबरोबर ती खोली पाहण्यास गेलो.

खोली १० बाय १२ फुटांची, उंची १० फूट. वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना गुळगुळीत गिलावा व ऑईलपेंट. एका भिंतीला काचेचे शोकेस. पडदे अजून शिवायचे होते. एक पेटी कोपऱ्यातील कपाटावर सात फूट उंच, दुसरी खिडकीच्या कट्ट्यावर. बसण्याची व्यवस्था जमिनीवर गादी टाकून, मागच्या भिंतीला अगदी टेकून. आम्ही मधोमध उभे राहून एक टाळी वाजविली. टाळीमागून पत्रा थरथरावा तशी झणझण ऐकू आली. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा ताण तेथेच निम्मा उतरला.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, एक फुटाहून थोडा जास्त. दहा-बारा फुटांच्या खोलीत स्पीकरमधून निघालेला आवाज आधी थेट कानावर येतो आणि त्याच्यामागून काही मिलिसेकंदांत भिंती, छत व फरशीवर आपटून त्याच्याच प्रती येऊ लागतात. कठीण गुळगुळीत पृष्ठभाग आवाजाचा अगदी थोडा भाग गिळतो, बाकी सगळा परत फेकतो. मग एका शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दावर चढते.

या गोष्टीचे गणित प्रथम मांडणारा माणूस होता अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा तरुण प्राध्यापक वॉलेस सेबिन. तेथील फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह १८९५ साली नवे कोरे उघडले, आणि त्यात बोललेले कळेना. आवाज पाच सेकंदांवर रेंगाळत असे. सेबिनने काय करावे? जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवीत नेल्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरण्यास किती वेळ लागतो ते मोजले आणि पहाटेपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवल्या. आवाज गिळण्याचे त्याचे माप होते उघडी खिडकी, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आमच्या पिंजारी बंधूंनी हे ध्यानात ठेवावे: ध्वनिशास्त्राचा पाया गादीवर घातला गेला आहे.

त्याचे सूत्र साधे आहे. खोलीचे घनमीटर काढावेत, ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील आवाज गिळणाऱ्या एकूण क्षेत्रफळाने भागावे, की आवाज किती सेकंद रेंगाळेल ते निघते. हाजीसाहेबांच्या खोलीचे आकारमान सुमारे ३४ घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून सुमारे ६३ चौरस मीटर. असे कठीण पृष्ठभाग शेकडा तीन भाग गिळतात असे धरले तर जेमतेम दोन चौरस मीटर होतात आणि आवाज पावणेतीन सेकंदांवर रेंगाळतो. प्रत्यक्षात दार, खिडकी, माणसे यांमुळे तो थोडा कमी होतो. पण त्याच खोलीत जाड जाजम, गाद्या-लोड, चुणीदार पडदे आणि कपड्यांनी भरलेले उघडे मांडणीचे कप्पे आले तर आठ-दहा चौरस मीटर सहज भरतात आणि आकडा अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतो. घरात ऐकण्यास एवढे पुरे.

आता दुकानात तोच माल चांगला का वाजला हेही कळेल. कापड बाजारातील जुन्या पद्धतीच्या दुकानात, जेथे खाली गादी आणि तिन्ही भिंतींना थानच थान आहेत, तेथे साधा रेडिओही गोड लागतो. स्पीकरच्या दुकानात खोक्यांची चळत, गिऱ्हाइकांची गर्दी आणि रस्त्याकडे सताड उघडे शटर असते. सेबिनच्या मापाने तेवढी मोठी उघडी खिडकी हाजीसाहेबांच्या घरात कोठून येणार?

पण लगेच गाद्या विकायला धावू नये. आधी पैसा न लागणारे काम करावे, ते म्हणजे पेट्यांची जागा. स्टिरिओचा अर्थच जागेशी बांधलेला आहे. इंग्लंडमधील अभियंता ॲलन ब्लुमलेन याने १९३१ साली यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळल्या त्या १९५८ च्या सुमारास. युक्ती अशी की दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज सारख्या जोराने व एकाच क्षणी आला तर तो दोन ठिकाणांहून न येता मधल्या मोकळ्या जागेतून आल्यासारखा भासतो. तेथे कोणी नसते, तरी गाणारा किंवा वाचणारा समोर बसला आहे असे वाटते. हा भास फार नाजूक असतो. एक पेटी दुसरीपेक्षा फूटभर जवळ असली तरी तिचा आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळा आवाज तिच्याकडेच ओढला जातो. मग दुसरी पेटी वाजते की नाही, अशी शंका येते. कित्येक गिऱ्हाईक "एक साइड बंद आहे" म्हणून येतात, ती बंद नसते.

म्हणून पहिले अवजार फूटपट्टी नव्हे, टेप. दोन्ही पेट्यांपासून बसणाऱ्याच्या डोक्यापर्यंतचे अंतर अंगुळभराच्या फरकात सारखे हवे. दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. १० बाय १२ च्या खोलीत आम्ही पेट्या दहा फुटी भिंतीकडे घेतल्या, एकमेकींपासून सहा फूट, बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट आणि मागच्या भिंतीपासून दीड फूट. मागचे आणि बाजूचे अंतर मुद्दाम वेगळे ठेवले, कारण दोन्ही अंतरे एक झाली की दोन्ही भिंतींचा दोष एकाच स्वरावर साचतो. गादी मागच्या भिंतीपासून सुटी करून पुढे ओढली. पेट्यांची तोंडे किंचित आत, बसणाऱ्याच्या खांद्याकडे वळविली. तोंड आत वळले की बाजूच्या भिंतीवर कमी आवाज आपटतो.

उंचीचा मुद्दा आपल्या घरांत विशेष महत्त्वाचा आहे. कंपन्यांच्या पुस्तिका सोफ्यावर बसणाऱ्यासाठी लिहिलेल्या असतात. त्याचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतो, बैठकीवर बसणाऱ्याचा अडीच फुटांवर. उंच सुरांचा छोटा स्पीकर, ज्याला आपण ट्विटर म्हणतो, तो कानाच्या पातळीत पाहिजे, कारण बारीक सूर बॅटरीच्या झोतासारखे सरळ जातात. कपाटावर ठेवलेली पेटी छताला ऐकवते, माणसाला नाही. मुले हात लावतील म्हणून वर ठेवतो, असे लोक म्हणतात. खरे आहे. मग पेटी वर ठेवावी, पण पुढे झुकवून, मागे लाकडी पाचर देऊन. सुतार बंधूंनी बैठकीच्या मापाचे दीड-दोन फुटी स्टँड बनविले तर त्यांना मागणी येण्यासारखी आहे. तयार मिळणारे स्टँड सोफ्याच्याच मापाचे असतात.

आता घुमण्याविषयी थोडे जास्त. जाड सुरांचे गणित बारीक सुरांहून वेगळे आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये विशिष्ट जाड स्वर झोक्यासारखा मागे-पुढे अडकतो. तो कोणता, हे काढण्यास ३४५ ला खोलीच्या मीटरमधील मापाच्या दुपटीने भागावे. दहा फुटांसाठी उत्तर येते ५७, बारा फुटांसाठी ४७. म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने. या आकड्यांच्या दुप्पट-तिप्पट स्वरही अडकतात. ५७ ची दुप्पट ११३ आणि ४७ ची ९४. पुरुषाच्या भारदस्त आवाजाचा तळ याच परिसरात असतो, म्हणून कारी साहेबांचा आवाज विहिरीतून येत होता. त्यात हाजीसाहेबांच्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट. दोन्हींचा दोष एकाच स्वरावर, म्हणजे दुहेरी मार. चौकोनी ठोकळ्यासारख्या खोल्या आवाजाला सर्वांत वाईट, हे घर बांधताना कोणी सांगत नाही. घुमट त्याहून अवघड, कारण वक्र छत आवाज गोळा करून एके ठिकाणी आणते. विजापूरच्या १६५६ च्या गोल घुमटात हळूच बोललेले पलीकडच्या टोकाला ऐकू येते त्यामागे वक्रतेचेच कारण आहे. तेथे ती करामत वाटते, दिवाणखान्यात तीच डोकेदुखी होईल.

पेटी भिंतीला चिकटली की जाड सूर फुगतात, कोपऱ्यात गेली की दोन भिंती आणि फरशी मिळून अधिकच फुगतात. बसणारा भिंतीला टेकला की त्याच्या कानाशी पुन्हा फुगतात. हाजीसाहेबांच्या घरी हे सर्व एकाच वेळी घडत होते. याउलट खोलीच्या अगदी मध्यावर बसले तर जाड सूर गायब होतात. म्हणून मध्यही टाळावा आणि भिंतही. अर्धा-एक फूट मागे-पुढे सरकून पाहावे, तेवढ्यातही फरक पडतो. ज्यांच्याकडे वेगळा वूफर आहे त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे: वूफर थोडा वेळ बसण्याच्या जागी ठेवून वाजवावा आणि आपण भिंतीकडेने वाकून फिरावे. जेथे आवाज सर्वांत सम वाटेल तेथे वूफर कायमचा ठेवावा. गिऱ्हाईक हसतात, पण वूफर हलविला की हसणे थांबते.

बारीक सुरांसाठी आरशाची युक्ती. ऐकण्याच्या जागी गिऱ्हाइकाला बसवावे आणि मुलाने न्हाव्याचा हातआरसा बाजूच्या भिंतीवरून कानाच्या उंचीवर सरकवीत न्यावा. आरशात जेथे स्पीकर दिसेल तेथूनच आवाज पहिल्यांदा आपटून कानावर येतो. नेमक्या त्या जागी पडदा, जाड गोधडी किंवा पुस्तकांची मांडणी आली तर सबंध भिंत झाकण्याची गरज राहत नाही. पडदा भिंतीला चिकटवू नये. भरपूर चुण्या आणि भिंतीपासून चार-सहा अंगुळे अंतर दिले तर तेच कापड जास्त काम करते. पेट्या आणि गादी यांच्यामधल्या फरशीवर जाजम हवेच.

येथे एक बाजारू गैरसमज सांगून टाकतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला ठोकले की स्टुडिओ झाला, असे मानणारे अजून आहेत. ते ट्रे बारीक सुरांना थोडेफार अडवितात, घुमण्यावर काहीही परिणाम करीत नाहीत, झुरळे मात्र जमवितात. थर्माकोल तर आवाजाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. साधा फोम बारीक सुरांना चालतो, पण आगीला लगेच पकडतो, वायरिंगजवळ तो लावूच नये. जाड सूर अडविण्यास जाडीच लागते. सेकंदाला १०० कंपनांच्या स्वराची लाट सुमारे साडेतीन मीटरची. तिला दोन अंगुळांचा फोम काय अडविणार? म्हणून कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली कापसाची जुनी गादी बाजारातल्या नक्षीदार फोमपेक्षा जास्त उपयोगी पडते. दिसायला चांगली नाही, हे खरे. तीवर चांगले सुती कापड चढवून, सुताराने चौकट देऊन, कोपऱ्यात उभी राहील अशी नेटकी वस्तू करता येईल. पिंजारी, सुतार आणि शिलाईवाले या तिघांच्या हाताला त्यात काम आहे.

जिल्ह्याच्या खेड्यांत अजून टिकून असलेली माळवदाची घरे याबाबत नशीबवान. मातीच्या खडबडीत भिंती, वर लाकडी तुळया आणि कडीपाट. आवाज एका तोंडाने परत न येता विखुरतो. तेथे फारसे काही करावे लागत नाही. पत्र्याच्या खोलीचा त्रास निराळा. जाड सूर पत्र्यातून बऱ्यापैकी बाहेर निघून जातात, पण पत्रा थरथरतो आणि दोष स्पीकरच्या माथी येतो. खिळे-बोल्ट आवळून, खाली मंडपवाल्यांकडचा चांदवा थोडा सैल बांधला तर बरेच भागते. शोकेसची काच खडखडत असेल तर तिच्या कडेला पातळ रबर द्यावे. पेटीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे ठेवले तरी फळीची कंपने कमी होतात.

दुरुस्तीवाल्या बंधूंसाठी एक तपासणी सर्वांच्या आधी, कारण तिला दोन मिनिटे लागतात. दोन्ही पेट्यांच्या वायरी सारख्या जोडल्या आहेत ना? एका पेटीची लाल-काळी उलट झाली तर एका स्पीकरचा पेपर बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो. मधला भास नाहीसा होतो, आवाज डोक्याभोवती तरंगतो आणि जाड सूर पातळ पडतात. ॲम्पची वायर काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरच्या टर्मिनलला लावावा. सेलचे अधिक टोक लाल टर्मिनलला असताना पेपर बाहेर उडी मारतो. दोन्ही पेट्यांत सारखे घडले पाहिजे. मग एखाद्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाचे ध्वनिमुद्रण लावावे. आवाज मधोमध, मुठीएवढ्या जागेतून यावा. यासाठी आजकालच्या नातांची मुद्रणे वापरू नयेत. त्यांतल्या बहुतेकांत प्रतिध्वनी मुद्दाम घातलेला असतो आणि खोली बिनदोष असली तरी ती घुमतात. मोबाईलवरून वाजवीत असाल तर सेटिंगमध्ये मोनो चालू नाही ना, हेही पाहावे. ते चालू असेल तर दोन पेट्या घेतल्याचा उपयोगच नाही.

वॅटविषयी आमचे मत थोडे कडक आहे. खोक्यावर हजार-दोन हजार वॅट पीएमपीओ छापलेले असते. तो क्षणिक, कागदावरचा आकडा. सतत चालणारी ताकद आरएमएसमध्ये सांगतात आणि ती बरेचदा त्याच्या फारच लहान हिश्श्याएवढी असते. १० बाय १२ च्या खोलीला पेटीमागे दहा-वीस खरे वॅट पुरतात. ताकद दुप्पट केली तर आवाज जेमतेम थोडा वाढल्यासारखा वाटतो. कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दहापट ताकद लागते. घुमणाऱ्या खोलीत जास्त वॅट म्हणजे जास्त घुमणे, स्पष्टता नव्हे. गिऱ्हाईक विचारो वा न विचारो, आरएमएस आकडा बिलावर लिहावा. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याची हदीस व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नाही. खोक्यावरचा पीएमपीओ हा आमच्या धंद्यातला वरचा सुका थर आहे.

हाच नियम मशिदींच्या बाबतीतही लागतो, जरी तेथे स्टिरिओचा प्रश्न नाही. संगमरवर, काच आणि स्लॅबचा घुमट झाल्यावर खुतबा कळत नाही म्हणून कमिटी आणखी मोठा ॲम्प आणते आणि शब्द आणखी गढूळ होतात. जुम्याला सफा भरल्यावर तीच मशीद स्पष्ट ऐकू येते, हे अनेकांनी अनुभवले असेल. एक माणूस कपड्यांसह सुमारे अर्धा चौरस मीटर आवाज गिळतो. तीनशे नमाजी म्हणजे दीडशे चौरस मीटर. मोठे स्पीकर वर टांगण्याऐवजी लहान स्पीकर खांबांवर, सफांच्या जवळ, कमी आवाजात लावावेत.

हाजीसाहेबांच्या घरी त्या दिवशी पेट्या हलविण्यास व टेप लावण्यास तासभर लागला. घरातील दोन जाजमे मागवून फरशीवर टाकली, दोन रजया आरशाने दाखविलेल्या जागी तात्पुरत्या टांगल्या, ॲम्पचे बासचे बटण मध्यावरून थोडे खाली आणले. मग तीच तिलावत लावली. घुमणे पूर्ण गेले असे आम्ही म्हणणार नाही, ११३ च्या आसपासचा एखादा स्वर अजून रेंगाळतो. पण आवाज कपाटावरून उतरून समोरच्या रिकाम्या जागेत आला. हाजीसाहेब उठून दोन पेट्यांच्या मध्ये जाऊन पाहून आले, तेथे तिसरा स्पीकर तर ठेवला नाही ना. उरलेली रक्कम त्याच संध्याकाळी मिळाली. बदललेल्या वूफरचे पैसे मिस्त्रींनी मागितले नाहीत, दोष वूफरचा नव्हताच. पडद्यांचे काम मात्र त्यांनी ओळखीच्या शिलाईवाल्याला मिळवून दिले, दुप्पट चुण्या धरून.

आता ते ऑर्डर घेण्यापूर्वी खोली पाहण्यास जातात. पिशवीत टेप, हातआरसा आणि एक सेल असतो. बिलाच्या पाठीमागे खोलीचा नकाशा काढून पेट्यांची आणि बसण्याची जागा फुटांत लिहून देतात, त्याखाली गिऱ्हाइकाची सही घेतात आणि जागेवर बसवून देण्याची मजुरी वेगळी लावतात.